थोबाड दिसलं पायजे

विश्रामबागेत आमच्या गल्लीत कुणाची गाडी गेटबाहेर जरा जास्त वेळ उभी राहिली, की तिच्या बॉनेटवर वाकून आपला चेहरा न्याहाळणारे सुभेदार दिसतात. चेहरा दिसला तर मान हलवून पुढं जातात. नाही दिसला तर मशीन आणायला घरी जातात. मालकाला विचारायची पद्धत नाही.

हे मशीन म्हणजे लाकूड घासायचं सँडर. त्याच्या गोल तळाला सँडपेपर चिकटवतात आणि बटण दाबलं की तळ थरथरत फिरतो. सुतार ते खरवडायला वापरतात. सुभेदार सँडपेपर काढून तिथं फौजेतल्या जुन्या कांबळ्याचा गोल तुकडा बसवतात. वेग सगळ्यात कमी, वर मेणाचं पॉलिश. मग समोर गाडी असो की देव्हारा, त्यांना फरक पडत नाही. काम झालं की वाकून बघायचं आणि म्हणायचं, "थोबाड दिसलं पायजे." स्वतःचं दिसलं की जो कुणी जवळ असेल त्याला बोलावून त्याचंही बघायला लावतात.

सुभेदार मूळचे पाटणकडचे. नोकरीतली बरीच वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये गेली. रंगरूट असताना कवायत शिकवणाऱ्या उस्तादानं त्यांच्या बुटात स्वतःची मिशी शोधली, ती सापडली नाही आणि सुभेदारांना मैदानाला फेऱ्या माराव्या लागल्या. पॉलिशचा विषय निघाला की ही हकीकत येते. दर वेळी मैदान थोडं मोठं झालेलं असतं.

त्यांच्या समोर हळदीचे व्यापारी चौगुले अण्णा राहतात. एकदा अण्णांच्या काळ्या गाडीवर मशीन फिरत असताना कांबळं निसटलं. खाली सकाळच्या कामाचा सँडपेपर तसाच राहिला होता. बॉनेटवर पापडाएवढं पांढरं वर्तुळ उठलं. सुभेदार म्हणाले, "आता कसं, मुळापासनं साफ झालं." पुढं त्यांनी बॉनेटला नवा रंग मारून आणला आणि त्यावर असं पॉलिश केलं की बाकीची गाडी जुनी दिसू लागली. मग बाकीची गाडीही करावी लागली. अण्णा म्हणतात, "पापडावरनं सुरुवात झाली, ह्या माणसानं अख्खं ताट वाढलं."

सुभेदारांच्या पत्नी सुमनकाकू. काचबिंदूनं त्यांची नजर गेली आहे. काठी त्यांना आवडत नाही आणि कुणी हात धरलेला तर मुळीच चालत नाही. स्वयंपाकघर एक पायरी खाली आहे. मागं एकदा त्या तिथं पडल्या आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. तेव्हा पुण्याहून आलेल्या मुलीनं, वैशालीनं, बजावलं होतं की आई पुन्हा पडली तर हे घर बंद करून दोघांना घेऊन जाईन. काकूंना पुण्याचं नाव नको होतं. तिथं मला घरातल्या घरात रस्ता विचारत फिरावं लागेल, असं त्या म्हणायच्या.

त्यानंतर सुभेदारांनी झोपायच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत भिंतीला कमरेच्या उंचीवर सागवानी पट्टी ठोकली आणि तिला पॉलिश केलं. बोट ठेवलं की घसरतं. मात्र त्या पट्टीवर अधूनमधून तळहाताएवढा भाग कोरा, खरखरीत राहिला होता. गावभर आरसे करणाऱ्या माणसाच्या घरात हे कसं, याची गल्लीत चर्चा झाली. अण्णांनी तोंडावर विचारलं.

"सुभेदार, माल संपला व्हय?"

"व्हय, संपला," सुभेदार म्हणाले आणि मैदानाची गोष्ट काढली.

परवा वैशाली येणार होती, म्हणून सुभेदार सकाळपासून मशीन घेऊन कामाला लागले होते. खुर्च्या झाल्या, दारं झाली, मुलीनं नावं ठेवायला जागा राहू नये अशी तयारी चालली होती. दुपारी ती आली. चहाला अण्णाही होते, मीही होतो. काकू उठल्या. चहा त्याच करणार होत्या. वैशाली उठू लागली तशी काकूंनी तिला बसवलं. "बस तू. माझं घर हाय."

त्या पट्टीवर हात सरकवत स्वयंपाकघराकडच्या बोळातून निघाल्या. आम्हाला त्या पाठमोऱ्या दिसत होत्या. चाल नेहमीची होती. मग मंदावली आणि थांबली. हात पुढं गेला, मागं आला, पुन्हा पुढं गेला.

"आवं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पायरी कुठं गेली?"

मी पट्टीकडं पाहिलं. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चकाकत होती. एकही खरखरीत जागा उरली नव्हती. सकाळच्या भरात सुभेदारांचं मशीन त्या सगळ्या जागांवरून फिरलं होतं.

वैशाली धावली. सुभेदारांनी तिला दंडाला धरून थांबवलं. "थांब. धरू नको तिला," ते म्हणाले. मग काकूंना म्हणाले, "हाय तिथंच ऱ्हावा. माझी चूक झाली."

त्यांनी खिशातून जाड सँडपेपरचा तुकडा काढला, पुढं जाऊन गुडघ्यांवर बसले आणि पायरीच्या बरोबर वर पट्टीवर, सकाळीच केलेल्या पॉलिशवर, हातानं खसाखसा घासू लागले. पांढरा भुसा खाली पडत होता. काकू मान कलती करून ऐकत होत्या. आवाजाच्या दिशेनं त्यांचा हात सरकत आला, सुभेदारांच्या बोटांना लागला. सुभेदारांनी हात काढून घेतला. काकूंनी त्या जागेवर तळवा फिरवला.

"हां. हितं हाय," म्हणाल्या आणि पाय बरोबर पायरीवर टाकून खाली उतरल्या. पातेल्याचा आवाज आला.

वैशाली बोळात आली. तिनं त्या जागेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग वडिलांना म्हणाली, "बाकीच्या जागा कुठं कुठं होत्या, नाना? द्या, एक तुकडा मला द्या."

पुण्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

सुभेदार भिंतीचा आधार घेत उठले. सवयीनं पट्टीवर वाकले आणि त्या ओरखडलेल्या जागेत बघत राहिले. काहीच दिसत नव्हतं.

"झालं काम," ते म्हणाले.