चिमूटभर कमी

माझ्या जिभेवर माझ्यापेक्षा कादरचाचांचा हक्क जास्त आहे. रमजानच्या महिन्यात रोज संध्याकाळी ते आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्याशी येतात, पळीवर फुंकर घालतात आणि हाक मारतात, "मास्तर, आ करा!" त्यांचा रोजा, म्हणून त्यांनी चाखायचं नाही. मी वह्या तपासत असलो तरी उठायचं, रस्सा गिळायचा आणि मिठाचा निकाल द्यायचा. आमची ही म्हणते, "वर्गात डोळे वटारता आणि इथे पिल्लासारखी चोच उघडता!"

चाचा जन्मभर जहाजावर खानसामा होते. चाळीस खलाशांचं रांधून हाताला अशी सवय लागलीय की, स्वतःपुरता चहा टाकला तरी अर्ध्या आळीला पुरतो. चूल पेटली की एकच पालुपद, "कप्तान जेवायला बसलाय!" तो कप्तान कधीच घरी गेला असेल, पण कांदा जाड चिरला गेला तर चाचा अजून त्याला घाबरतात. हमीदाचाची तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा कुवेतला. आता घरात चाचा आणि त्यांची ती भलीमोठी डेग.

एक कोडं मात्र मला सुटत नव्हतं. मी "फर्स्टक्लास!" म्हटलं की चाचांचा चेहरा पडायचा. मला वाटलं, स्तुती कमी पडते. मग मी "अप्रतिम" म्हणून पाहिलं, त्यानंतर "स्वर्गीय". चेहरा आणखीच पडला.

यंदा ईदला त्यांनी आम्हा सहा मित्रांना बिर्याणीचं आवतण दिलं. सहाच माणसं, पण डेग चाळिसांचीच चढली. नमाजाहून आले ते नव्या सदऱ्यावर फडकं बांधूनच कामाला लागले. मीही सकाळीच मदतीला गेलो. तळलेल्या कांद्याचा वास पार नाक्यापर्यंत गेला होता. चाचा परसातून ओट्याकडे, ओट्यावरून परसात पळत होते. "मास्तर, पुदिना! मास्तर, निखारे! कप्तान जेवायला बसलाय!" मी पण असा पळत होतो, की जणू माझ्याच घरचं लग्न आहे.

मटण शिजलं. आता भाताचे थर लावायचे आणि झाकण कणकेने लिंपून दम द्यायचा. एकदा झाकण लिंपलं की मीठ सुधारता येत नाही. चाचा पळी घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "आ करा."

"चाचा, आज ईद आहे. रोजे संपले. आता तुम्हीच चाखा की!"

"मी चाखलाय. तीनदा."

"मग?"

चाचांनी पळी खाली घेतली. "मास्तर, जहाजावर मी कुनाला इचारला नाय. पन ह्या घरात मिठाचा शेवटचा शब्द हमीदाचा. उभ्या संसारात एकदा पन 'बरोबर' बोल्ली नाय. नेमी म्हनायची, 'चिमूटभर कमी हाय.' मी भांडायचो, आन् मंग टाकायचो. तुमी बोल्ता फस्कलास. फस्कलास बोल्लात का बोलनाच संपला. घर चूप."

इतके दिवस मी ह्या माणसाला शाबासकी देत होतो, आणि त्याला हवं होतं भांडण. मी तोंड उघडलं. मीठ अगदी नेमकं होतं.

मी डोळे मिटले, जीभ फिरवली आणि म्हणालो, "चाचा, चिमूटभर कमी आहे."

"कमी?" चाचा कडाडले. "आख्खा जनम कप्तानाला जेवू घातलाय, आन् मला मीठ शिकवता? शालेत फल्यावर शिकवा, फल्यावर!" पाच मिनिटं ते भांडत होते. डोळे चमकत होते, आवाज पार रस्त्यावर जात होता. मग त्यांनी बरणी उघडली आणि चिमूट घातली. चाळीस माणसांची सवय असलेल्या हाताची चिमूट ती!

दुपारी सगळे जेवायला बसलो. पहिल्या घासाला सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग पाणी प्यायलं. चाचा मात्र प्रत्येकाच्या ताटाशी वाकून अभिमानाने सांगत होते, "मी नायच बोल्लो होतो. ह्या मास्तरांनी टाकायला लावला. आयकत नायत!"

मी बिर्याणी पुन्हा वाढून घेतली आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.