नानांचा बोलका उजेड

आमच्या शेजारचे नाना पेन्सिलीच्या शिशाला चिकटपट्टी लावतात आणि उपटतात. उपटलेल्या पट्टीवर दुसरी पट्टी दाबतात आणि तीही उपटतात. सकाळचा चहा झाला की हे सुरू होतं ते जेवणापर्यंत. चर्र, चर्र. भिंतीपलीकडून पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं, नानांना नायटा झाला असेल आणि ते खाजवत असतील. कडुलिंबाचा पाला घेऊन गेले. बघते तर नाना ओट्यावर बसलेले, बोटं काळी, नाकाचा शेंडा काळा, आणि भोवती काळ्या पट्ट्यांचा ढीग.

"काय करताय नाना?"

"सोलतोय, ताई."

"काय सोलताय?"

"कांदा कसा असतो? थरावर थर. हे शिसंही तसंच. सोलत जायचं, सोलत जायचं. शेवटचा जो थर राहतो ना, त्याच्याहून पातळ वस्तू जगात नाही. त्याला ग्राफीन म्हणतात."

"मग त्याचं करायचं काय? भाजी?"

नाना बोट वर करून म्हणाले, "हलत नाही, डुलत नाही, तरी बोलतं."

हे त्यांचं वाक्य. दूधवाल्याला ऐकवतात, मीटर बघायला येणाऱ्याला ऐकवतात, आमच्या घरी पूजेला आलेल्या गुरुजींनाही ऐकवलं. गुरुजींना वाटलं, नाना देवाबद्दल बोलतात. त्यांनी हात जोडले.

नाना धुळ्याकडचे, घरात अहिराणी बोलतात. तिकडे एका शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर जळगावात मेहरूणला, तळ्याजवळ, आमच्या शेजारी घर घेतलं. मुलगा पुण्याला. इथे दोघंच, नाना आणि अक्का. मी चौथीपर्यंत शिकले, मला विज्ञान कळत नाही. पण माणूस कधी बिघडतो ते कळतं. नाना बिघडले असं माझं मत झालं होतं, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंही होतं.

आता अक्काचं सांगते, कारण तिच्याशिवाय नाना कळणार नाहीत. अक्काला ऐकू येत नाही. एकदम नाही गेलं, हळूहळू गेलं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची बेल, मग नाना. त्यामुळे नाना ओरडतात. हाडाचे मास्तर, मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय. त्या घरातली बठ्ठी, म्हणजे सगळी, बातमी आमच्या गल्लीला तोंडपाठ आहे. सकाळी "गोयी लिधी का?" झालं की समोरची बाई स्वतःची गोळी घेते. नानांचं पोट कधी साफ झालं आणि कधी नाही, हेही आम्हाला माहीत असतं. नको असलं तरी माहीत असतं.

एकदा अक्काचा भाऊ आला. फाटकाशी चपला काढतच होता, तेवढ्यात आतून नाना अक्काला सांगतात, "तुना भाऊ उना शे! आज बी जेईसनच जाई का?"

भाऊ फाटकातूनच म्हणाला, "हा, जेईसनच जासू!" आणि आत येऊन पाटावर बसला. तो बी अक्काचाच भाऊ.

मुलाने पुण्याहून कानातलं यंत्र पाठवलं होतं. अक्काने दोन दिवस घातलं. म्हणाली, "कानमा रातकिडा बसेल शे." काढलं आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवून दिलं, हरवू नये म्हणून. बंद करायचं असतं हे तिला कोण सांगणार? डब्यात ते शिट्टी मारत राहिलं. अक्काला अर्थात ऐकू येत नव्हतं. गल्लीला येत होतं. आमचं मांजर त्या डब्यासमोर जाऊन बसलं आणि उठायला तयार होईना. शेवटी नानांनी डाळीत हात घालून ते बाहेर काढलं, खूप वेळ तळहातावर धरून बघत बसले आणि खिशात टाकलं. मला वाटतं, पेन्सिली सोलायचं वेड त्यानंतरच लागलं.

चिकटपट्टीने हाती लागायचं ते चिमटीतही मावेना. मग नानांनी दुसरी युक्ती काढली. शिशाची पूड, पाणी आणि भांड्यांचा साबण एकत्र करून मिक्सरमध्ये फिरवायचं. साबणाने थर सुटे होतात म्हणे. घरात मिक्सर एकच. अक्काने तो धुतला, पण पात्यांखाली काय अडकून राहतं ते बायकांना विचारा. नेमका त्या दिवशी तिचा भाऊ पुन्हा आला. शेवभाजी होती, मसाला त्याच मिक्सरमध्ये वाटलेला. आमच्याकडे शेवभाजीचा रस्सा मुळात काळा, त्यामुळे कोणाला काही वेगळं दिसलं नाही. भाऊ पहिलाच घास घेणार, तेवढ्यात नानांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याच्या पुढची वाटी उचलली, पातेलं उचललं आणि सगळं मोरीत ओतलं. कारण सांगायचं राहूनच गेलं. त्या दिवसापासून भाऊ जेवायला थांबत नाही.

शिशाचा तो काळा रस नानांनी मग स्पंजमध्ये मुरवला आणि स्पंज गच्चीवर पापडासारखा वाळत घातला. जळगावचं ऊन ते, दुपारपर्यंत खडखडीत. अक्का कपडे काढायला गच्चीवर गेली. काळाकुट्ट स्पंज दिसला. तिला वाटलं, भांडी घासायचाच आहे. तिने त्याने तवा घासला, कढई घासली, आणि घासून झाल्यावर अगदीच टाकाऊ दिसला म्हणून फेकून दिला.

गल्लीने कान टवकारले. आज मोठं काहीतरी होणार. पण आवाजच येईना. मी भिंतीवरून डोकावले तर नाना तवा उन्हात धरून इकडून तिकडून बघत होते.

"ताई, बघा, काय चकाकतोय."

"रागावला नाहीत तुम्ही?"

"रागवायचं म्हणजे ओरडायचं," नाना म्हणाले. "ते तर रोजच ओरडतो. तिला फरक कळणार कसा?"

दुसरा स्पंज झाला तेव्हा त्यांनी त्याचा तुकडा काचेच्या लहान बाटलीत घातला. बुचाला भोक पाडून डॉक्टर छाती तपासतात तसली रबरी नळी बसवली. जुन्या कूलरच्या पंख्याची पाती काढून तिथे भोकं पाडलेली पुठ्ठ्याची चकती लावली. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा होता, एका भोकाने गणपती अर्धा कापला होता. आरशाने ऊन पकडलं, ते फिरत्या चकतीतून बाटलीवर सोडलं आणि नळी माझ्या हातात दिली.

"कानात घाला."

घातली. आत गूं गूं चाललं होतं. मधमाशी अडकल्यासारखं. मी बाटली हलवून बघितली, माशी नव्हती.

"आता उन्हाच्या आड हात धरा," नाना म्हणाले.

हात धरला, आवाज बंद. काढला, सुरू. पुन्हा धरला, बंद. मी खोटं बोलत नाही, मला मजा वाटली. आठ-दहा वेळा तेच केलं.

"हे कसं होतं?"

"उजेड पडला की हे काळं तापतं. उजेड गेला की लगेच निवतं. इतकं पातळ आहे की पापणी लवायच्या आत शेकडो वेळा तापतं आणि निवतं. तापलं की जवळची हवा फुगते, निवलं की बसते. हवेचं फुगणं-बसणं म्हणजेच आवाज. रेडिओत पडदा हलतो. ह्यात काही हलत नाही."

"म्हणजे तव्यावरची भाकरी. फुगली, बसली."

"बस!" नाना इतके खूश झाले की त्यांनी माझ्या हातावर टाळी मागितली. माझा हात काळा झाला.

मी म्हटलं, "नाना, पण मधमाशीचा आवाज ऐकायला एवढा खटाटोप? भडगावला माझ्या भावाच्या शेतात चला. फुकट ऐका."

नाना आरसा पुसत राहिले. मग म्हणाले, "मला अक्काशी बोलायचंय."

"रोज बोलता की. तळ्यापर्यंत ऐकू जातं."

"ते बोलणं नाही, ताई. डॉक्टर म्हणाले, जे थोडं राहिलंय तेही जाईल. त्याच्या आत तिला एक गोष्ट सांगायची आहे. ती ओरडून सांगण्यासारखी नाही."

"मग लिहून द्या."

"ती मोठ्याने वाचते."

हे खरं होतं. अक्का विजेचं बिल वाचते तेव्हा आमच्या घरात वरणाला फोडणी देणारी सून थांबून आकडा ऐकते.

"कानाशी जाऊन सांगा."

"कानाशी गेलं तरी ओरडावंच लागतं. आणि ती दचकते." नानांनी बाटली उन्हात धरली. "यंत्र शिट्टी मारतं. हे मारणार नाही. मी हळू बोलेन, उजेड माझ्या बोलण्याबरोबर थरथरेल, तो जाऊन हिच्यात पडेल आणि ही तिच्या कानात बोलेल. मध्ये कोणी नाही."

त्या दिवसापासून मी त्यांना वेडं म्हणायचं सोडलं. सुनेलाही सांगितलं, घरातल्या पेन्सिली संपल्या की शिसं फेकू नकोस.

जुन्या टेपरेकॉर्डरची पोटं फाडून नानांनी एकदाचं जमवलं. एका दुपारी मला बोलावलं. खिडक्या लावलेल्या, कूलर बंद, आत भट्टी. एका टोकाला स्टुलावर टॉर्च बांधलेला, त्याच्यामागे नाना, तोंडाशी माईक. दुसऱ्या टोकाला खुर्चीत अक्का. तिच्या शेजारी पाटावर मी.

"आधी तुम्ही, ताई."

नळी कानात घातली. नाना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, एवढं मोठं तोंड असलेला माणूस! मला समोरून काही ऐकू आलं नाही. पण कानात आलं, बारीक पण स्पष्ट: "तळ्यावर बगळे उतरले का, ताई?"

मी नळी कानात आणखी दाबली. मी म्हटलं, "डासाएवढा आवाज आहे."

"पण आहे ना!"

"आहे. आणि बगळे उतरलेत."

मग नळी अक्काच्या कानात गेली. बाटली तिने मांडीवर दोन्ही हातांत धरली, देवळातला प्रसाद धरावा तशी. "काय चाये करी ऱ्हायनात या वयमा," असं ती केव्हाची म्हणत होती, पण बसली होती. नाना पुटपुटले. अक्काने मान हलवली.

"काहीच नही."

नानांनी दुसरा टॉर्च जोडला. पुन्हा पुटपुटले. अक्काने माझ्याकडे बघितलं. नानांनी तिसरा जोडला. इतक्या महिन्यांचं सोलणं, वाटणं, वाळवणं, सगळं त्या तीन टॉर्चवर आलं होतं. घामाने नाकावरचं काळं ओठांपर्यंत ओघळलं होतं.

"आता शेवटचं," ते मला म्हणाले. "आता तेच सांगतो."

हातवारे करून मी अक्काला सांगितलं की नाना आता महत्त्वाचं बोलणार. ती सावरून बसली. आणि आमच्या पिढीच्या बायका करतात तेच तिने केलं. नवरा चार शब्द मनातले बोलणार म्हटल्यावर डोक्यावरून पदर घेतला, खांद्यावरून पुढे ओढला. पदराचं टोक मांडीवर आलं आणि बाटलीवर पडलं.

तिन्ही टॉर्चचा उजेड पदरावर. हिरवा पदर, जरीची बुट्टी चमकत होती. बाटली खाली अंधारात.

नानांना दिसलं नाही. त्यांनी मान खाली घातली होती, बोहल्यावरच्या नवऱ्यासारखी, आणि ते बोलत होते. पुष्कळ वेळ बोलत होते. एकदा थांबले, पुन्हा बोलले. मी पदर बाजूला करायला हात पुढे केला.

अक्काने माझा हात धरला. तिचे डोळे नानांच्या ओठांवर होते. नानांचं संपेपर्यंत तिने हात सोडला नाही. मग म्हणाली, आणि बहिरं माणूस म्हणतं तशीच, छप्पर हादरेल अशी म्हणाली:

"कवयनंच ठाऊक शे माले!"

म्हणजे मला कधीचंच माहीत आहे.

समोरच्या खिडकीतून लगेच प्रश्न आला, "काय ठाऊक शे वं अक्का?"

अक्काला तो ऐकू आला नाही. नाना उठले, टॉर्चची तार पायात अडकली, स्टूल पडलं, तरी ते हसत होते. मला म्हणाले, "ऐकलं तिनं! पाहिलंत ना, ताई? तुम्ही साक्षीदार!"

"पाहिलं," मी म्हटलं.

अक्काने पदर सारखा केला, बाटली जपून कपाटात ठेवली आणि नानांचं नाक पुसायला ओलं फडकं आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा "गोयी लिधी का?" सुरू झालं. गल्लीतल्या बायका मला अजून विचारतात, नानांनी अक्काला काय सांगितलं? त्या घरातलं आम्हाला माहीत नाही असं हे एकच. मी सांगते, मला माहीत नाही, आणि त्यांच्या तोंडावर दार लावते.