सूर्यवंशींचा समुद्र

आमचे शेजारी सूर्यवंशी साहेब कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा हात लावतात तो उलटा. फाटकाची कडी असो, बँकेचं दार असो, नाहीतर लग्नातली जिलबीची ताटली असो, आधी बोटांची पाठ अलगद टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि काही झालं नाही अशी खात्री पटली की मग धरायचं. आमची नात बारा दिवसांची असताना तिलाही त्यांनी असंच तपासलं होतं. पोरीत करंट नव्हता, त्यामुळे साहेब प्रसन्न झाले.

लातूर नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या, त्या सुमारास चाकूरकडच्या एका खेड्यातून ते वीज खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि लाइन इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाले. उलट्या हाताचं शास्त्र त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं.

"तळहातानं धरलं का करंट मूठ आवळतो, गुरुजी. मग सोडायचं म्हणलं तरी सुटत न्हाई. उलटा हात आसला का झटक्यासरशी मागं येतो. माणूस वाचतो."

"पण साहेब, ही चहाची कपबशी आहे."

"आसू द्या की. भेलेला माणूस म्हातारा होतो. धीट माणसाचा फोटो हापिसात लागतो."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आभाळ गडगडलं की ते कॉलनीत घरोघर फिरून टीव्हीचे प्लग काढायला लावत. स्कूटरवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट देत. घरात प्रत्येक गोष्ट दोन. छत्र्या दोन, कुलपं दोन, हाताला घड्याळ एक आणि खिशात एक. "एक बंद पडलं तर?" हा प्रश्न त्यांना झोपेतसुद्धा पडत असावा. मी त्यांची भरपूर थट्टा केली आहे. करायला माझं काय जातं म्हणा. मी स्वतः पालीला बघून खोली सोडणारा मास्तर.

अशा माणसाची एकुलती एक पोर जहाजावर इंजिनिअर व्हावी, याला काय म्हणावं? प्रज्ञा सातवीत असताना तिची आई गेली. पुढचं सगळं साहेबांनी केलं, वेण्यांसकट. आणि पोरगी निघाली बापाच्या अगदी उलट. पहिल्या जहाजावर जाताना आम्ही तिला लातूर स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी हलायच्या आधी साहेबांनी काय करावं? तिच्या गालाला उलटा हात टेकवला. क्षणभर. झालं. पोरगी डोळे पुसत डब्यात चढली आणि मी परत येताना म्हणालो, "साहेब, निदान पोरीला तरी नीट हात लावायचा होता." रिक्षाच्या दांडीला मात्र त्यांनी उलटा हात लावून पाहिला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी हैदराबादहून एक टेम्पो आला आणि त्यांच्या बैठकीत समुद्र उतरला.

समुद्रच. नदीतल्या माशांची टाकी वेगळी. तिला नळाचं पाणी चालतं. ही खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची. तीन फुटांची काचेची टाकी, खाली पांढरी वाळू, वर छिद्राछिद्रांचे दगड. या दगडांना ते 'जिवंत दगड' म्हणत, कारण त्यांच्या पोटात पाणी साफ करणारे जंतू असतात. मग पाण्याला लाटा देणारा पंप. पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढणारं एक नळकांडं. निळा दिवा. पाणी तापू नये म्हणून पंखे. खारटपणा बघायची एक छोटी दुर्बीण. तिच्यात थेंबभर पाणी टाकून ते उजेडाकडे तोंड करून उभे राहत. खास समुद्री मिठाचा डबा. आमचं घरचं मीठ चालत नाही. शुद्ध पाण्याचं फिल्टर, इन्व्हर्टर, थर्मामीटर. आणि अर्थातच यातलं जवळजवळ सगळं दोन दोन.

"आन मासा?" आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुनंदानं विचारलं.

"इतक्यात न्हाई, वहिनी. आधी पाणी तयार होऊन राहिलंय. घाई केली तर मरतो."

पुढचे सहा आठवडे हा गृहस्थ रोज नुसत्या पाण्याकडे घाबरून बघत होता. कॉलनीत बोललं जाऊ लागलं की साहेबांनी दगड पाळलेत. शेवटी मासा आला. बोटभर लांबीचा, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. एकच. नियम मोडून एकच. मी विचारलं, दुसरा का नाही? "ह्येचा दुसरा नसतो," म्हणाले. दगडांवर बटनांएवढी प्रवाळं हळूहळू उमलली. मी हसणं थांबवून रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायला लागलो. लातुरात इतकं निळं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

आणि मग ते साल आलं, ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

ज्यानं ते साल पाहिलं नाही, त्याला त्यातली भीती सांगून कळणार नाही. नळ मुका. टँकर दहा दिवसांनी, तोही आला तर. ड्रमांना कुलपं. टाक्यांपाशी पोलीस. काल एकमेकींकडे हळदीकुंकवाला गेलेल्या बाया आज कळशीवरून एकमेकींचे केस धरत. शाळेतून घरी येताना मी गल्लीच्या तोंडाशी थांबून आधी कानोसा घ्यायचो, आज कोणाचं भांडण आहे म्हणून. आणि अशा दिवसांत आमच्या भिंतीला भिंत लावून एक माणूस मासा पोहवत होता.

साहेबांनी पडदे लावून घेतले. फिल्टरचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रेडिओ लावून ठेवायचे. उन्हानं टाकीतलं पाणी रोज उडून जायचं, आणि मीठ मागंच राहत असल्यानं भर घालायला शुद्ध पाणीच लागायचं. एक बादली शुद्ध पाणी काढलं की तीन बादल्या टाकाऊ पाणी फिल्टरमधून बाहेर पडे. त्या तीन बादल्यांत साहेब भांडी, कपडे, मोरी सगळं उरकत. स्वतःची अंघोळ ओल्या पंचावर आली होती. कोणाच्या वाट्याचा एक थेंब त्यांनी घेतला नाही, हे मला माहीत होतं. पण मी हे कोणाला सांगितलं नाही. मलाही भीती वाटत होती. माशाची बाजू घेणारा मास्तर, म्हणून माझाच नंबर लागला असता.

बातमी फुटायची ती फुटलीच. एका सकाळी आठ-दहा बाया कळशांसह दारात. पुढं कोपऱ्यावरच्या काशीबाई.

"आमी लेकरायला घोट-घोट पाजून राहिलो, आन तुमी मासा पोहवता व्हय, सायब?"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पडदा सारून टाकी उघडी केली आणि बाजूला झाले. काशीबाईंनी टाकीत ओंजळ घातली, घोट घेतला आणि जी थुंकल्या ती उंबऱ्यापर्यंत.

"आगं बया! नुसतं मीठ हाय की ह्येच्यात!"

"दुष्काळाच्या आधीपासून हेच पाणी हाय, बाई," साहेब कसंबसं म्हणाले. "भर तेवढी माझ्या अंघोळीची."

बाया गेल्या, पण राग गेला नाही. खारं असलं तरी पाणीच ना, असं सगळ्यांचं मत पडलं.

त्याच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. प्रज्ञाचा फोन यायचा बंद झाला. जहाज भर समुद्रात असलं की असं होतं, हे तिनं बजावून ठेवलं होतं, तरी सहा दिवस झाले, सात झाले. आणि देगलूरहून निरोप आला की साहेबांची बहीण दवाखान्यात आहे. जाणं भाग होतं. त्यांनी मला टाकीपुढं उभं केलं.

"रोज सकाळी निळ्या ड्रममधलं एक तांब्याभर शुद्ध पाणी वरून सोडायचं. दुसरं काई करू नका. गुरुजी, ह्याला काई झालं न्हाई पायजे." आणि मग हळूच, "पोरगी परत येईपर्यंत तरी न्हाई."

एवढ्याशा माशावर माणसानं काय टांगून ठेवलंय, ते मला दिसलं, आणि त्याची दोरी माझ्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजून एक तांब्या पाणी सोडलं. दुपारी शाळेतून आलो तर प्रवाळांची बटनं मिटलेली. मासा वरच्या कोपऱ्यात, कल्ले भराभरा हलवत. मी सुनंदाला हाक मारली. ती आली, बघितलं आणि तिनं तोंडाला पदर लावला.

"अवो, सकाळी तुमच्या आधी झाडायला आले तर ड्रमचं झाकण उघडं दिसलं. मी तुरटी फिरवली त्यात."

त्या साली टँकरचं गढूळ पाणी घरात आलं की बाया आधी त्यात तुरटीचा खडा फिरवत. गाळ खाली बसायचा. महिनोन्महिने हीच सवय. ड्रम दिसला की हात आपोआप सात वेळा फिरायचा, पाणी स्वच्छ आहे की नाही हे बघायच्या आधीच. माणसाला चालतं ते. समुद्राला चालत नाही.

मी देगलूरला फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आर्धं पाणी बदलावं लागंल," एवढंच म्हणाले. "तीन बादल्या शुद्ध पायजेत. म्हंजी बारा बादल्या कच्चं. बहिणीला आता बरं हाय, मी निघून राहिलो."

बारा बादल्या! त्या साली बारा बादल्या मागणं म्हणजे कोणाची किडनी मागण्यासारखं होतं. मी डोकं धरून बसलो. सुनंदा मात्र चपला घालून निघाली. मी म्हणालो, कुठं चाललीस, लोक मारतील. ती म्हणाली, "चूक माझी हाय, मार मी खाईन." आणि पहिलंच दार तिनं वाजवलं ते काशीबाईंचं.

ती आत काय बोलली, मला ठाऊक नाही. मी खिडकीआड होतो, खरं सांगायचं तर दाराला कडी घालून. दहा मिनिटांनी काशीबाई कडेवर कळशी घेऊन बाहेर आल्या.

"पोरगी पाण्यावर हाय म्हनं त्येंची. आठ दिस फोन न्हाई म्हनं. हे आधी सांगायचं न्हाई व्हय?" मग माझ्या खिडकीकडे बघून, "पर ते वाया जानारं पाणी माज्या कळशीत परत पायजे. भांड्याला व्हतंय."

तासाभरात अकरा घरांच्या कळशा साहेबांच्या ओट्यावर रांगेनं लागल्या. साहेबांना फोनवर विचारत मी फिल्टर चालू केलं. एका नळीतून करंगळीएवढी शुद्ध धार दुसऱ्या ड्रममध्ये, दुसऱ्या नळीतून बाकीचं पाणी ज्याच्या त्याच्या कळशीत परत. बाया नंबर लावून उभ्या. भांडण एकही नाही. साहेब बसमधून उतरून धावत आले ते ही रांग बघून फाटकातच थांबले. कडीला उलटा हातसुद्धा लावायचं विसरले.

नव्या पाण्यात मीठ नीट मुरायला बराच वेळ लागतो, पण तेवढा वेळ नव्हता. दुर्बिणीत बघून बघून त्यांनी दिवेलागणीला पाणी बदललं. मासा तसाच कोपऱ्यात. "आता आपल्या हातात काई न्हाई," म्हणाले. मी घरी आलो. जेवण गेलं नाही. अपराध्याला कुठली भूक?

सकाळी साडेसहाला गेलो तेव्हा ते खुर्चीत बसून होते. मासा दगडांच्या मधून बाहेर आला, पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर आला. बटनं अजून पुरती उमलली नव्हती, पण उमलत होती. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

फोन मात्र त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिथंच चहा घेत असताना वाजला. जहाज बंदराला लागलं होतं. साहेब बोलले ते असं: "हाव. हाव. सगळं बरं हाय. आत्याबी बरी हाय. मासा? त्याला काय झालंय, धडधाकट हाय. जेवलीस का?" तुरटीचं नाव नाही, इतक्या दिवसांच्या काळजीचं नाव नाही. फोन ठेवून ते टाकीपुढच्या खुर्चीत बसले.

"साहेब, एवढा जीव आहे," मी म्हणालो, "आणि स्टेशनवर उलटा हात?"

ते टाकीकडे वळले.

"तळहातानं धरलं आसतं तर मूठ आवळली आसती, गुरुजी. मग सुटली नसती. गाडी निघून गेली आसती तिची."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"त्या पाण्यापत्तर काई माझा हात पोचत न्हाई," ते म्हणाले. "म्हणून हे घरात आणलं."

मासा काचेजवळ आला. साहेबांनी सवयीनं बोटांची पाठ काचेला टेकवली, क्षणभर थांबले. मग हात वळवला आणि अख्खा तळहात काचेवर ठेवला. बाहेर टँकरचा हॉर्न वाजला, बाया कळशा घेऊन धावल्या, मीही उठलो. त्यांनी हात काढला नाही. दारातून मी म्हणालो, "साहेब, तुमचा ड्रम मी भरून आणतो."

"आणा," ते म्हणाले. "आन वहिनीला म्हणावं, तुरटी फिरवू नका."