कंपनी रजा देत न्हाई

सटवाजीमामांना "जेवलात का?" असं विचारायची सोय नव्हती. ते आधी उजवा तळवा पुढं करायचे. "जेवलो. फायदा, पोट भरलं." मग डावा तळवा. "तोटा, भांडी आपल्यालाच घासायचीत." एवढं ऐकेपर्यंत विचारणाऱ्यालाच भूक लागायची.

गेवराईत एका मोठ्या कंपनीनं कापसाची जिनिंग काढली होती. मामा तिथं भोंगा वाजवायचे. माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्या घराच्या भिंतीला लागून, त्यामुळं ही फायद्या-तोट्याची वकिली मला रोज फुकट मिळायची. मामी वारलेल्या, एकुलती लेक गंगू चौसाळ्याला दिलेली. बोलायला उरलो मीच.

"कंपनीत कसं हाय मामा?" म्हटलं की स्वारी खुलायची. "फायदा, कंपनी लई मोठी. मालक कदी दिसत न्हाई. तोटा, मालकालाबी आपन दिसत न्हाई."

तोरा मात्र असा, की सगळ्या मोगलाईचा कारभार यांच्याच भोंग्याच्या साखळीवर चाललाय. गल्लीतल्या बाया भोंगा ऐकून भाकरी टाकायच्या, एवढं खरं. सुट्टीच्या दिवशी मामा ओट्यावर बसायचे आणि वेळ झाली की हात आपोआप वर जाऊन नसलेली साखळी ओढायचा. मग इकडंतिकडं बघून डोकं खाजवायचे.

दिवाळी जवळ आली की चोळीचा खण घेऊन माझ्याकडं. "यंदा लेक येनार हाय." मी हातातली कामं बाजूला टाकून चोळी शिवायचो. लेकीला माहेरी आणायला मुराळी लागतो, बाप नाहीतर भाऊ. परक्याबरोबर सासरचे धाडत नाहीत. मामांना मुलगा नाही, म्हणजे जायचं त्यांनीच. आणि दर दिवाळीला तेच रडगाणं, "काय करावं, कंपनी रजा देत न्हाई." चोळी पेटीत जायची. गल्ली कंपनीला शिव्या द्यायची, त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा.

एका साली माझं डोकंच फिरलं. मॅनेजरसाहेब कोटाचं माप द्यायला आले होते. त्यांच्या गळ्याभोवती फीत धरूनच मी विचारलं, "साहेब, एवढी मोठी कंपनी, अन् एका बापाला चार दिवस सोडवत नाही?"

साहेब बघतच राहिले. "सटवाजी? त्यानं रजा मागितलीय कधी? आज जा म्हणावं. भोंगा काय, कुणीही वाजवील."

ते जाताच मी मामांकडं धावलो. "उठा मामा. रजा मिळाली. गाडी सांगतो."

मामांनी ना उजवा तळवा काढला ना डावा.

"गेलतो मी," ते म्हणाले. "तिची माय गेली त्या साली. माय घरी बोलवीत होती, मी निरोप धाडला, भोंगा वाजवून येतो म्हून. आलो तवर सपलं होतं. दिवाळीला पोरीला आनाया गेलो, तर दारातूनच म्हनली, 'मायसाठी आला न्हाईत, आता माज्यासाठी कावून आलात?'"

"मग कंपनीचं नाव कशाला घेता?"

"गावानं पोरीला नावं ठिवली असती. बाप न्याया आला अन् ही आली न्हाई म्हून. कंपनीला कितीबी शिव्या द्या, तिला काय लागत न्हाई." मग त्यांनी सावकाश उजवा तळवा पुढं केला. "मोठ्या कंपनीचा ह्यो एक फायदा हाय."

डावा हात मांडीवरच राहिला.

मला फार वाईट वाटलं. यंदाचा खण मागून घेतला आणि दुकानात येऊन चोळी शिवायला बसलो.

पाडव्याला समोरच्या काकूंनी विचारलं, "यंदाबी गंगू आली न्हाई व्हय?" मामा ओट्यावरच होते. ते तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "कुठली येते काकू. त्या मेल्या कंपनीनं रजाच दिली नाही."