विलो बेंडच्या टपालकचेरीस लिओनार्ड हॅवलिकांचे नाव लागले, त्याची हकीकत

नेब्रास्का प्रांती, प्लॅट नदीचे दक्षिणतीरी, मौजे विलो बेंड येथे गिरजाघराचे तळघरात दर मंगळवारी कॉफीचे मेज भरते. त्या मेजावरील वडीलधाऱ्या पंचांनी सेवकास आज्ञा केली की, टपालकचेरीचे मोहिमेत तुम्ही हजर होता, समारंभी चिलीचा तिखट रस्सा तुम्हीच वाढला, तरी जे घडले ते पदरचे तिखटमीठ न लावता लिहून काढावे. आज्ञा शिरसावंद्य. तिखटमिठाचे वचन मात्र पाळवेल ऐसे वाटत नाही, हे आधीच कबूल करितो.

मोहिमेचे मूळ ऐसे. गावी लिओनार्ड हॅवलिक नामे टपालवाले होऊन गेले. एक्केचाळीस वर्षे चाकरी केली आणि हिमवादळ असो वा नदीचा पूर असो, टपाल घरपोच केले आणि कुत्री चावली तरी त्या घरचे टपाल चुकविले नाही. तीन वर्षांमागे ते वारले. मग तयांचे कुटुंब अल्माबाई, वय वर्षे सत्त्याऐंशी, यांनी मनी धरिले की गावचे टपालकचेरीस यजमानांचे नाव लागावे आणि भिंतीवरील ती तख्ती आपण आपल्या डोळ्यांनी वाचावी. पेच इतकाच की बाईंची नजर दिवसेंदिवस जात होती, आणि लिंकन शहरीचे नेत्रवैद्यांनी साफ सांगितले होते की वर्षभरच अक्षर दिसेल, पुढचा भरवसा नाही.

आता कोणी म्हणेल, कचेरी गावची, खिळा गावचा, हातोडा गावचा, ठोकावी तख्ती, त्यात मोहीम ती कसली! म्हणणाऱ्याने या मुलखाचा कारभार पाहिलेला नाही. येथे चार खेडुतांचे टपालकचेरीस नाव द्यायचे तरी काँग्रेसचा कायदा लागतो. आधी प्रतिनिधींचे दरबारी विधेयक मंजूर व्हावे, मग सिनेटचे दरबारी व्हावे, आणि मग खासा अध्यक्षमहाराजांची सही व्हावी. त्यात आणखी काँग्रेसची उमर दोन वर्षांची. ती सरली की जानेवारीचे तिसरे तारखेस भर दुपारी बारा वाजता अर्धीमुर्धी राहिलेली सारी विधेयके जागीच गतप्राण होतात आणि पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. आमची मसलत ठरली तेव्हा काँग्रेसचे अवघे अकरा महिने उरले होते.

सरनौबतीची वस्त्रे बर्नीस कूलमन यांस मिळाली. या बाई आमचे प्रतिनिधी राजमान्य राजश्री रेक्स डनलेवीसाहेब यांचे मुलखातील कचेरीच्या कारभारीण. बावीस वर्षे तेथे बसून कोणाचे निवृत्तिवेतन अडले, कोणाचा पासपोर्ट गहाळ जाहला, की बर्नीसबाई फोन उचलीत आणि राजधानीतील झोपलेले खाते खडबडून जागे होई. ऐसा दरारा.

पहिला किल्ला प्रतिनिधींचे दरबाराचा; त्याची अट ऐसी की, ज्या राज्याची टपालकचेरी त्या राज्याचे झाडून सारे प्रतिनिधी विधेयकास सहीस हवेत, एकही कमी चालत नाही. नेब्रास्काचे प्रतिनिधी तीन. डनलेवीसाहेबांनी विधेयक मांडिले, दुसऱ्यांनी सही ठोकिली आणि राहिले तिसरे, क्रेग स्टेन्सरूडसाहेब. हे मूळचे विलो बेंडचेच, लिओनार्डांचे टपालवाटेवरील शेवटचे शेत यांचेच मातोश्रींचे. काम सोपे वाटले आणि तेथेच घात जाहला, कारण अल्माबाईंनी हुकूम सोडिला की स्टेन्सरूडांस सही आपण स्वतः मागू, आणि तीही पत्राने.

"अल्माबाई, एक फोन टाका त्यांच्या कचेरीत," बर्नीसबाईंनी विनविले. "दोन मिनिटांचं काम आहे."

"फोन? अगं बर्नीस, एक्केचाळीस वर्षं पत्रं पोचवणाऱ्याची बायको मी. त्याच्याच नावासाठी फोन करू? वर बसून काय म्हणेल तो मला?"

"म्हणेल, बरं झालं, उशिरा का होईना शहाणी झाली."

"तू मला अक्कल शिकवू नकोस. तिकीट लावलंय, पेटीत टाकलंय. टपाल आहे, पोचणारच."

टपाल पोचते खरे, परंतु काँग्रेसचे टपाल सरळ वाटेने जात नाही. पूर्वी कोणा दुष्टाने पाकिटातून विष धाडिले, तेव्हापासून दरबारी जाणारे प्रत्येक पत्र आधी दूरच्या एका इमारतीत नेतात, किरणांखाली धरितात आणि मग पुढे सोडितात. तेथून ते आठवड्यांमागून आठवडे जाऊन हळदीसारखे पिवळे आणि पापडासारखे कडक होऊन निघते. हे अवघ्या राजधानीस ठाऊक, म्हणोन तेथे घाईचे काम कोणी टपालाने करीत नाही. टपालवाल्याची बायको तेवढी करिती जाहली! फेब्रुवारीपासून सतरा पत्रे धाडिली आणि वर जर्दाळू भरलेल्या कोलाचीपावांची पेटीही धाडिली.

इकडे स्टेन्सरूडसाहेबांस उडत वार्ता लागली की, आपल्याच गावचे विधेयक, दोघांस विचारिले, तिसऱ्यास पुसिले देखील नाही. साहेब मनस्वी रुसले. डनलेवीसाहेब समजूत घालण्यास गेले तो उत्तर आले, "पत्र लिहिलंय म्हणता, मग दाखवा ना! माझ्या गावाला माझी आठवण नाही ना? मग माझ्या सहीवाचून कसं होतंय तेच बघतो." ऐसे चार महिने गेले. कॉफीचे मेजावर आम्ही स्टेन्सरूडांस काय काय बोललो ते येथे लिहिता येत नाही, गिरजाघराचे तळघर आहे.

मग सप्टेंबराचे पहिले आठवड्यात किरणशाळेतून गठ्ठा सुटला आणि साहेबांचे मेजावर सतरा पिवळी पत्रे व पेटी एकदम येऊन दाखल जाहली. साहेबांनी आधी पावास तोंड घातले. तो पाव सहा महिन्यांचा आणि किरणांनी भाजलेला. दाढेतील भरण निखळोन मेजावर पडले. साहेब गाल धरून बसले आणि करण्यासारखे दुसरे काही उरले नाही म्हणोन पत्रे वाचू लागले.

अकराव्या पत्रात अल्माबाईंनी लिहिले होते, "क्रेग, तू सैन्यात होतास तेव्हा आईला चार-चार महिने पत्र टाकायचा नाहीस. ती रोज फाटकाशी येऊन उभी राहायची. लिओनार्डला तिला रिकाम्या हाताने परत पाठववेना. मग आमच्या घरी आलेलं बियाण्यांचं जुनं सूचीपत्र, नाहीतर एखादं मासिक, तो तिच्या पेटीत टाकायचा. ती म्हणायची, चला, काहीतरी आलं. तुला हे कोणी सांगितलं नसेल. सही कर बाबा, मला दिसतंय तोवर."

साहेबांनी पत्र खाली ठेविले. मातोश्री जाऊन नऊ वर्षे जाहली होती. मग डनलेवीसाहेबांस फोन करून इतकेच म्हणाले, "कुठे सही करायची ते सांग. आणि बर्नीसला सांग, मी गाढव आहे."

"ते तिला माहीत आहे," डनलेवीसाहेब बोलिले, "पण सांगतो."

येणेप्रमाणे पहिला किल्ला फत्ते जाहला. दरबारी विधेयक आले तेव्हा सभागारी अकरा सरदार होते, त्यातील दोघे आपापले फोन पाहात होते, आणि पाऊण मिनिटात होकाराचा घोष होऊन विधेयक पार जाहले.

दुसरा किल्ला सिनेटचा. तेथे रीत ऐसी की बिनवादाचे काम सर्वांचे संमतीने होते, आणि शंभरांतील एकाने जरी हात धरिला तरी काम अडते. आमचे राज्याचे दोन्ही सिनेटर राजी होते. परंतु दूर प्रांतीचे ॲम्ब्रोज टाल्बर्ट नामे सिनेटर यांनी देशातील झाडून साऱ्या टपालकचेऱ्यांची नावे रोखून धरिली होती. आमचे कोणाचे नखही त्यांस लागले नव्हते. यांचा राग एका भलत्याच खात्यावर की, आपल्या तळ्यातील माशांविषयी पुसिले, चार महिने जाहले, उत्तर नाही. तोवर कोणाचे नाव कोठे लागू देणार नाही! डिसेंबराची दहावी उजाडली, आणि अल्माबाईंस आता पाकिटावरचे पत्ते भिंग धरूनही वाचवेनात.

मग बर्नीसबाईंनी बावीस वर्षांची शस्त्रे उपसिली. त्या खात्यातील मर्टल बीस्ली नामे कारकुनीणीस फोन लाविला.

"मर्टल, टाल्बर्टसाहेबांच्या माशांचं उत्तर कुठे अडलंय गं?"

"अडलंय कुठे? नोव्हेंबरातच धाडलं. सह्या, शिक्के, नकाशे, सगळं जाडजूड पाकिटात."

"कशानं धाडलंस?"

"...टपालानं," मर्टलबाई म्हणाल्या. "अगं बाई गं."

"नक्कल आहे ना? मग कोट चढव आणि आत्ताच्या आत्ता स्वतः नेऊन दे. चालत जा. सहा रस्ते तर ओलांडायचे आहेत."

मर्टलबाई कोट चढवून निघाल्या आणि पायी जाऊन, पावसात भिजून, खलिता टाल्बर्टसाहेबांचे हाती देत्या जाहल्या. साहेबांनी मासे वाचिले, संतोष पावले, आणि हात काढिला. डिसेंबराचे एकविसावे तारखेस तिसरे प्रहरी ओस पडल्या सिनेटात एक सिनेटर वाचीत होते, एक ऐकत होते, आणि विधेयक पार जाहले. नाताळानंतर चौथे दिवशी अध्यक्षमहाराजांनी सही केली. वार्ता येताच मेजावर कॉफी तशीच राहिली आणि लोक एकमेकांस मिठ्या मारू लागले. अल्माबाईंनी कायद्याचा कागद बर्नीसबाईंकडून वाचून घेतला. पुन्हा वाचून घेतला. मग हिवाळाभर रोज कोणा ना कोणाकडून वाचून घेतला, इतका की ऐकणाऱ्यांस कंटाळा आला.

कायदा जाहला तरी तख्ती जूनपर्यंत आली नाही, आणि आली तो हातभर देखील नाही. येथे हेही नमूद करणे प्राप्त आहे की, इतक्या लढाईनंतरही कचेरीचे नाव टपालाचे कामी विलो बेंडच राहते, पाट्या बदलत नाहीत, शिक्का बदलत नाही. मिळते ती आतल्या भिंतीवरची एवढीशी तख्ती.

समारंभी अवघा गाव लोटला. चिली व दालचिनीचे रोल सिद्ध जाहले. डनलेवीसाहेब बोलिले, स्टेन्सरूडसाहेब दाढेत नवे भरण घालून बोलिले, आणि उजवे भिंतीवरील तख्तीचा पडदा सरला. तो अल्माबाई काठी टेकीत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "कोणी वाचायचं नाही. मी वाचते."

आणि बाई डावे भिंतीसमोर उभ्या राहिल्या. त्या भिंतीवर पार्सलाचे खोक्यांची मापे लिहिलेला फलक होता. त्याकडे तोंड करून, मान ताठ करून, त्यांनी खणखणीत आवाजात कायद्याचा आकडा, तारीख, चौदा नंबर मेन स्ट्रीट, आणि "लिओनार्ड जे. हॅवलिक टपाल इमारत" हे सारे एक अक्षर न चुकता वाचून दाखविले. बर्नीसबाई पुढे सरल्या, तो स्टेन्सरूडसाहेबांनी हळूच त्यांचा दंड धरिला, आणि डोळे पुसून सर्वांआधी टाळ्या वाजविल्या. मग अवघी कचेरी टाळ्यांनी दुमदुमली.

"छान लावलीय," अल्माबाई मागे वळून म्हणाल्या. "अक्षर जरा बारीक आहे, पण दिसलं."

"हो ना," बर्नीसबाई म्हणाल्या.

दुसरे दिवशी कचेरी उघडण्याआधी पोस्टमास्तरीण ग्वेन ओडेल घरून पेचकस घेऊन आल्या. खोक्यांचा फलक काढिला, उजवे भिंतीवरील तख्ती काढिली आणि डावे भिंतीवर, बाई जेथे पाहात होत्या नेमक्या तेथे, आणोन लाविली. अल्माबाई आजही पत्र टाकण्यास येतात तेव्हा त्या भिंतीकडे पाहून मान डोलवितात.

येणेप्रमाणे मोहीम सर जाहली, हे कॉफीचे मेजाचे आज्ञेवरून, पाहिले तैसे नमूद केले. अखेरचे कामी दरबाराची संमती घेतली नाही, सिनेटास पुसिले नाही, अध्यक्षमहाराजांस तसदी दिली नाही. स्क्रू चार, वेळ सहा मिनिटे.