मंडळी निवडीचा तक्ता

बदली झाली की माणसाला नव्या गावात पाच गोष्टी शोधाव्या लागतात: घर, शाळा, दवाखाना, न्हावी आणि चर्च. तपासनिसाच्या कुटुंबाला पहिल्या चार गोष्टी चार दिवसांत मिळाल्या. घर दलालाने दाखवले ते, शाळा जवळ होती ती, दवाखाना उघडा होता तो आणि न्हावी रिकामा बसला होता तो. पाचवी गोष्ट मात्र थेट देवाशी संबंधित असल्यामुळे तिथे असा आंधळा कारभार चालणार नाही, असे तपासनिसाने घरात जाहीर केले.

तपासनीस बाटल्यांची झाकणे बनवणाऱ्या कारखान्यात होता. शंभरातले एक झाकण उचलायचे, मोजायचे, उजेडासमोर धरायचे आणि नापास करायचे, हे त्याचे काम. सतरा वर्षांत त्याने एकही खेप पहिल्या फटक्यात पास केली नव्हती. त्याच गुणावर त्याला बढती मिळाली होती आणि बढतीबरोबर ही बदली.

त्याच्या आईची मागणी साधी होती. तिच्या हृदयाची झडप झिजली होती आणि सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया करायचे ठरले होते. जुन्या गावात चर्चच्या दारापासून घराच्या दारापर्यंत तिला दहा जण थांबवत. इथे तिला ओळखणारी माणसे तीन, तीही घरातलीच.

“मला आत नेतील ना, तेव्हा माझं नाव घेऊन प्रार्थना करणारं कोणीतरी बाहेर असावं,” ती म्हणाली. “एवढं बघ बाबा.”

“म्हणूनच घाई करायची नाही, आई,” तपासनीस म्हणाला आणि तक्ता करायला बसला.

तक्त्यात छत्तीस मुद्दे होते. प्रवचनाची लांबी, बाकांची पाठ, गीतांची पट्टी, स्वच्छतागृह, चहा. हस्तांदोलनाला वेगळा रकाना होता: दोन सेकंदांच्या आत सुटलेला हात थंड, पाचच्या पुढे धरून ठेवलेला हात संशयास्पद. उत्तीर्ण होण्यासाठी शंभरात ऐंशी. निकष अंमळ कडक असल्याचे बायकोने सुचवले, तेव्हा बाटलीच्या झाकणाला पंच्याण्णव लागतात, देवाला पंधराची सूट दिलीच आहे, असे उत्तर तिला मिळाले.

पहिल्या रविवारी ते कोपऱ्यावरच्या लहान चर्चमध्ये गेले. तिथल्या धर्मगुरूंनी, म्हणजे पाळकांनी, आईला नाव विचारले, तब्येत विचारली आणि बसायला पुढची जागा दिली. पण पंखा करकरत होता आणि प्रवचन ऐन रंगात आले असताना पाळकांना दोनदा शिंक आली. एकसष्ट गुण, नापास.

“मला आवडलं,” आई म्हणाली.

“आवडणं हा मुद्दा तक्त्यात नाही, आई.”

दुसरे चर्च एवढे मोठे होते की गाडी लावायला चार स्वयंसेवक आणि स्वागताला आठ. आठही जणांनी नेमके चार सेकंद हात धरला, यावरून त्यांना प्रशिक्षण दिलेले असावे असा निष्कर्ष निघाला आणि मनापासूनपणाचे गुण कापले गेले. नवागतांना चर्चचे चित्र असलेला कप भेट मिळाला. तिसऱ्या ठिकाणी प्रवचन बावन्न मिनिटे चालले. चौथ्या ठिकाणी बायकोला पहिल्याच दिवशी मुलांचा वर्ग घ्याल का असे विचारले, शेरा: “माणसाला कामाला जुंपण्याची घाई.” पाचव्या ठिकाणी कोणी काहीच विचारले नाही, शेरा: “माणसाची दखल नाही.”

“कुठंही गेलास तरी पळसाला पानं तीनच,” आई एकदा म्हणाली.

तीन आहेत हे मान्य, पण ती सारख्या मापाची आहेत का, हे कोणी पाहिले आहे, असे तपासनिसाने विचारले.

हळूहळू घरालाही गोडी लागली. बायकोकडे चहा आणि स्वच्छतागृह, चौदा वर्षांच्या लेकीकडे गायन. रविवारी दुपारी जेवताना पाळकांच्या उच्चारांपासून व्यासपीठावरच्या गालिच्यापर्यंत सगळ्यांची सालटी निघत. देवाला नावे ठेवण्याची माणसाची छाती होत नाही, म्हणून तो ती पाळकाला ठेवतो. ही सोय फार जुनी आहे. आई खाली मान घालून जेवे. ठिकठिकाणच्या भेटींचे मिळून कपाटात एकोणीस कप झाले.

सातव्या आठवड्यापासून एक गोष्ट तपासनिसाच्या ध्यानात येऊ लागली. तिसऱ्या चर्चमध्ये भेटलेला औषधवाला सातव्यातही सहकुटुंब भेटला आणि अकराव्यातही. तोही शोधातच होता, तीन वर्षांपासून. मग एक निवृत्त मुख्याध्यापिका भेटली, एक बांधकाम ठेकेदार भेटला. फाटकाबाहेर उभे राहून सगळे आपापली मते मांडत. तपासनिसाचा तक्ता पाहून औषधवाल्याचे डोळे पाणावले. आजवर आपण हे काम किती गबाळेपणाने करत होतो, असे तो म्हणाला आणि प्रत काढायला घेऊन गेला.

पुढच्या महिन्यात गावभर प्रती झाल्या. चर्चनाही वारा लागला. बाकांना गाद्या आल्या, प्रवचने बावीस मिनिटांवर आली, एका पाळकांनी शिंकेवर औषध सुरू केले. आजाऱ्यांच्या घरी जाण्याचा वेळ चहा सुधारण्यात जाऊ लागला, कारण चहाला चार गुण होते.

अशात शस्त्रक्रियेचा मंगळवार चार दिवसांवर आला. मिशनच्या इस्पितळाच्या अर्जात एक रकाना होता: रुग्णाची मंडळी (चर्च) व पाळकांचे नाव. तपासनिसाने सुवाच्य अक्षरात लिहिले, “निवड प्रक्रिया सुरू आहे.”

“असं चालत नाही,” खिडकीतला कारकून म्हणाला. “नाव लिहा, नाही तर ‘नाही’ लिहा.”

चार पिढ्यांचा विश्वास असलेल्या घराने ‘नाही’ कसे लिहायचे? रविवारनंतर नाव आणून देतो, असे सांगून तपासनीस परतला. सगळे तक्ते काढून त्याने सर्वाधिक गुणांचे चर्च शोधले. साडेएकोणऐंशी. सतरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने अर्ध्या गुणाची मेहेरबानी केली. शनिवारी फोन करून पाळकांना आईचे नाव कळवले.

रविवारी चर्च खच्चून भरले होते. एवढी माणसे पाहून आईचा चेहरा फुलला. एवढ्यांत कोणीतरी आपले निघेलच, असे ती सुनेच्या कानात म्हणाली. पाळक तरुण होते, नवे होते. प्रवचन एकविसाव्या मिनिटाला संपले. मग त्यांनी आईचे नाव घेऊन सांगितले की या माउलीची मंगळवारी शस्त्रक्रिया आहे. मंडळीतल्या कोणीतरी पुढे येऊन तिच्यासाठी प्रार्थना करावी आणि मंगळवारी सकाळी तिच्या सोबतीला जावे.

कोणी उठले नाही. पुढच्या ओळीने मागे पाहिले, मागच्या ओळीने पुढे पाहिले.

“आम्ही पाहुणे आहोत,” शेजारी बसलेला औषधवाला हळूच म्हणाला.

पाळकांनी विनंती केली की निदान सभासदांनी हात वर करावेत. एकही हात वर आला नाही. तीनशे माणसे, तीनशे तक्ते, आणि ज्याच्या त्याच्या मांडीवर उघडे पेन.

“मीही परीक्षेवरच आहे,” पाळक पडलेल्या आवाजात म्हणाले. “तीन महिन्यांच्या.”

तपासनिसाचे पेन रकान्यावर टेकले होते: रुग्णांसाठी प्रार्थना, पाच गुण. तो शून्य लिहिणार, तेवढ्यात आईने त्याच्या हातावर हात ठेवला.

“अरे, ते पाहुणे आहेत. तू तर माझा आहेस ना? तू उठला असतास तरी चाललं असतं.”

तपासनिसाचे कान तापले. त्याला लाज वाटली, खरोखर वाटली, पण पाय उठले नाहीत. मग आईच बाक धरून उभी राहिली. तिला धाप लागली होती.

“देवा,” ती म्हणाली, “आज सगळे पाहुणेच आलेत. यजमान कोणीच नाही. तू तरी घरी आहेस का?”

यावर तीनशे गळ्यांतून उठले तसे “आमेन” त्या चर्चने कधी ऐकले नव्हते. बायकांनी डोळे पुसले, ठेकेदाराने नाक शिंकरले. मग तीनशे पेने एकदम चालली. तपासनिसाच्याही हाताने, रकाना भरायच्या सवयीने, पाचपैकी पाच लिहिले. चर्च उत्तीर्ण झाले.

मंगळवारी सकाळी सात वाजता इस्पितळाच्या व्हरांड्यात किती जण होते, ते इथे सांगत नाही. ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने जरूर विचारावे. फक्त त्या दिवशी सात वाजता आपण स्वतः कुठे होतो, ते आधी आठवून ठेवावे.