खळ दिलेला गालिचा

सिद्धाप्पांनी गालिचा घ्यायचं ठरवलं ते हॉलच्या फरशीला गेलेल्या तड्यामुळे. रविवारी पूनमला बघायला नातेपुत्याहून पाहुणे येणार होते. मुलगा, इंद्रजीत, पूनमला आधीपासूनच पसंत होता. (हे वडिलांना ठाऊक नाही असं घरात सगळे धरून चालत, वडीलसुद्धा.) स्थळ मोठं होतं, आणि तड्यापायी लेकीची मान खाली जाऊ नये एवढीच बापाची धडपड होती.

रेल्वे लाईनकडचा एक जुना बंगला पाडायला काढला होता. तिथून त्यांनी हातानं गाठी मारून विणलेला लोकरीचा गालिचा रिक्षाच्या टपावर टाकून आणला.

"व्हिंटेज हाय," ते बायकोला म्हणाले.

"म्हंजी जुनाच की," गोजाबाई म्हणाल्या.

जुना इतका की अंगातला सगळा ताठा गेलेला. पाय ठेवला की गोळा व्हायचा आणि तडा उघडा पडायचा. तेव्हा सिद्धाप्पांच्या आतला धनगर जागा झाला. (कचेरीत तीस वर्षं तो टेबलाखाली झोपून होता.) त्यांचे वडील घोंगड्याला चिंचोक्याची खळ द्यायचे. खळ बसली की घोंगडं कसं कडक राहायचं.

"अवो, ते घोंगडं न्हाय," गोजाबाईंनी बजावलं.

"लोकर मेंढराचीच हाय की."

रविवारी सकाळी त्यांनी पातेलंभर खळ शिजवून गालिच्याला चोळचोळ चोळली. एका दोरीला वजन पेलेना म्हणून गच्चीवरच्या दोन्ही दोऱ्यांवर मिळून तो वाळत घातला आणि स्वतःवर खूश होऊन आंघोळीला गेले. पुढचं काम सोलापूरच्या उन्हानं चोख केलं.

दुपारी गालिचा उतरवला, तर तो आपला आपण उभा राहिला. वर छप्पर, दोन्ही बाजूंना भिंती. सिद्धाप्पांनी त्यावर बसूनही पाहिलं, पण छप्पर तसूभर दबलं नाही. शेवटी शेजारच्या महेश्वरला हाताशी धरून त्यांनी तो हॉलमध्ये आणला. वर गव्हाची पोती टाकून सपाट करायचा बेत होता. पोती आणायच्या आधीच दारात जीप थांबली.

मुलाचे वडील, बिरुदेव, आत आले आणि हॉलच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या लाल खोपटासमोर थबकले. आपल्या हातानं लेकीचं स्थळ घालवलं, या विचारानं सिद्धाप्पांचे डोळे भरून आले.

बिरुदेव उकिडवे बसले आणि वाकून आत पाहू लागले. पलीकडच्या बाजूनं इंद्रजीतही वाकला. स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेतलेल्या पूनमला हसू आवरेना. ते पाहून इंद्रजीतही हसायला लागला. बिरुदेवांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि उठून तिच्या ट्रेमधला चहाचा कप उचलला.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. "मानपान कायबी नगं. ह्यो तेवढा द्या. आमच्या कोकरास्नी वाऱ्याला आडोसा व्हईल."

सिद्धाप्पांच्या जिवात जीव आला. त्याबरोबर नको तितकी हुशारीही आली. "मुद्दामच तसा वाळवलाय," ते म्हणाले. "न्हाय म्हटलं तरी हात धनगराचा हाय."

बिरुदेवांनी गोजाबाईंकडे पाहिलं. गोजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"वैनी," बिरुदेव शांतपणे म्हणाले, "लग्नाचा मांडव तेवढा आमी घालतो. ह्या आमच्या पाव्हण्यास्नी दोरीला हात लावू देऊ नगा."